आरक्षण क्र. ३१ : वाचनालयाची जागा आता वाहनतळ? हरकत लिहायची कशी?

पायरीवरची

नमस्कार. इथे पहिल्यांदाच प्रश्न टाकतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

परवा घरपट्टी भरायला नगरपरिषदेत गेले होते. रांग जिन्यापर्यंत आलेली. मी नेमकी सूचना फलकाशी अडकले, म्हणून उभ्या उभ्या फलक वाचायला लागले. कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाची निविदा, जन्मदाखल्यांचं काहीतरी आणि त्या निविदेखाली अर्धा झाकलेला एक कागद. त्यावर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६, कलम ३७ असं काहीबाही होतं. मी पुढे सरकणारच होते, तेवढ्यात ‘आरक्षण क्र. ३१’ दिसलं. टाचणी काढून वरचा कागद बाजूला केला. गावाच्या मंजूर विकास योजनेत ‘वाचनालय व समाजमंदिर’ यासाठी राखून ठेवलेली जागा आता ‘वाहनतळ व व्यापारी संकुल’ करायची आहे, हरकती-सूचना एक महिन्यात द्याव्यात. तारीख बघितली तर नऊ दिवस गेलेले.

गावाचं नाव लिहीत नाही. तालुक्याचं ठिकाण आहे, ब वर्ग नगरपरिषद, सध्या प्रशासक. म्हणजे ठराव मांडणारे तेच आणि मंजूर करणारेही तेच.

३१ नंबर म्हणजे आमच्या कॉलनीच्या तोंडाशी असलेला २२ गुंठ्यांचा तुकडा. आम्ही त्याला ‘मोकळं’ म्हणतो. पोरं आईला सांगून जातात, मोकळ्यावर आहे गं. पहाटे पोलीस भरतीवाली मुलं तिथे गोळा फेकतात, एका कोपऱ्यात पत्र्याच्या खोलीत अंगणवाडी भरते, गणपतीत मांडव पडतो. कुणाच्या घरी मयत झालं तर माणसं बसायला सतरंज्या तिथेच अंथरतात, कारण आमच्या घरांना अंगणं नाहीत. वाचनालय कधीच बांधलं गेलं नाही. गंजून गेलेला नामफलक तेवढा आहे, त्यावरचं ‘वाच’ पुसलंय, ‘नालय’ शिल्लक आहे.

मी ब्लाऊज शिवते. मापं घेता येतात, कायद्याची भाषा येत नाही. सासरे म्हणतात, लिहून काय होणार, त्यांचं ठरलेलं असतं. आणि खरं सांगायचं तर माझ्याच मनात एक शंका आहे. वाचनालयात जातं कोण आता? मी स्वतः शेवटचं पुस्तक कधी आणलं ते आठवत नाही. मग कुठल्या तोंडानं भांडायचं?

हरकत कशी लिहितात, कुणाला द्यायची, सुनावणी असते का, जाणकारांनी सांगावं. २१ दिवस उरलेत.

नाक्यावरचा

ताई, सासरे बरोबर बोलतायत. गाळे कुणाला जाणार हेसुद्धा ठरलं असेल. आमच्याकडे दवाखान्याच्या आरक्षणावर लॉन झालंय, लग्नाचं. शुभेच्छा.

ट्रेसिंगवाला

ताई, वरच्या उत्तराकडे कानाडोळा करा. मी नगररचना खात्यात आरेखक होतो, ३३ वर्षं. ट्रेसिंग कापड, रॉटरिंगचे पेन आणि अमोनियाच्या प्रिंटचा तो डोळ्यांना झोंबणारा वास, यात नोकरी गेली. शेवटी शेवटी संगणक आला. साहेब नव्हतो, पण सुनावण्यांना नकाशाची गुंडाळी धरून मीच उभा असायचो, त्यामुळे कुठली हरकत टिकते आणि कुठली गठ्ठ्यात जाते हे साहेबांपेक्षा जास्त बघितलंय.

कलम ३७ म्हणजे नवी विकास योजना नव्हे. नव्या योजनेचा मसुदा कलम २६ खाली येतो, त्यावर नियोजन समिती बसते. ३७ म्हणजे मंजूर योजनेत किरकोळ फेरबदल, आणि त्याला कायद्याची एकच मोठी अट आहे : फेरबदलाने योजनेचं स्वरूप बदलता कामा नये. तुमची हरकत या अटीवर टेकवा. बाकी सगळं तिच्या आधाराला.

आज-उद्यात दोन कागद मिळवा. पहिला त्या जागेचा भाग नकाशा आणि योजनेच्या अहवालातला आरक्षणांचा तक्ता. तक्त्यात प्रत्येक आरक्षणाचा क्रमांक, क्षेत्र आणि ते कुणी विकसित करायचं, म्हणजे समुचित प्राधिकरण कोण, हे लिहिलेलं असतं. नगरपरिषदेच्या नगररचना शाखेत हे बघायला मिळतं. माहिती अधिकाराचा अर्ज टाकून बसू नका. त्याचं उत्तर ३० दिवसांत आणि तुमच्याकडे २१. गणित करा.

दुसरा कागद जागेचं मालमत्ता पत्रक. शासनाच्या महाभूलेख संकेतस्थळावर बघता येतं. सगळी मेख इथे आहे. जागा अजून खासगी मालकाची असेल तर कलम १२७ मध्ये येतं : योजना अमलात येऊन १० वर्षं झाली, जागा घेतली नाही, मालकाने खरेदी सूचना, म्हणजे ‘जागा विकत घ्या’ अशी नोटीस दिली आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण आपोआप व्यपगत होतं, म्हणजे संपतं. नुसता ‘घेऊ’ असा ठराव करून ते वाचत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात हे स्पष्ट केलंय. तसं झालं असेल तर तुमची लढाई वेगळी. पण जागा नगरपरिषदेच्या नावावर असेल, तर ‘मालक कोर्टात जाईल’ ही भीती तुम्हाला कुणी घालू शकत नाही. मग एकच प्रश्न उरतो : घेतलेली जागा तुम्ही बांधली का नाही?

आता लिहिण्याबद्दल. ‘आमच्या मुलांच्या भवितव्याचा प्रश्न आहे’ असं लिहू नका. खरं असतं, पण त्यावर ‘नोंद घेतली’ एवढाच शेरा पडतो. तुम्ही शिवणकाम करता ना, मग माप घ्या. ही जागा कोण वापरतं, किती जण, किती वाजता, किती लांबून चालत येतात. दुसरं असं आरक्षण गावात कुठे आहे, तिथवर अंतर किती, मध्ये काय लागतं. केंद्राच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत साधारण १५ हजार लोकसंख्येमागे एक सभागृह-ग्रंथालय, २,००० चौरस मीटर, असा मापदंड आहे. तुमचे २२ गुंठे म्हणजे सव्वाबावीसशे चौरस मीटर. बघा, अंगात बसतंय.

एक जुनी गोष्ट सांगतो. एका गावाच्या मसुद्यावर सहाशेच्या वर हरकती आल्या होत्या. त्यातल्या पाचशेवर एकाच छापील नमुन्याच्या, फक्त नावं वेगळी. एक म्हातारी आली, लिहिता येत नव्हतं, नातवाकडून चार ओळी लिहून आणलेल्या. ‘नकाशात ओढा माझ्या रानाच्या वरच्या अंगाला दाखवलाय, तो खालच्या अंगाला आहे. पावसाळ्यात येऊन बघा.’ समितीतले गृहस्थ हसले. मी नाही हसलो, कारण ती शीट मीच काढली होती. जागेवर गेलो, म्हातारी बरोबर होती. त्या ओढ्यावरून दाखवलेला रस्ता सरकला. पाचशे छापील अर्जांना मात्र एक क्रमांक आणि एक शेरा. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या मसुद्यावर २०१३ मध्ये ८७ हजारांच्या आसपास हरकती-सूचना आल्या होत्या. एवढा कागद समोर आला की माणूस वाचत नाही, गठ्ठे बांधतो.

म्हणून सह्यांची मोहीम नको. दहा घरांनी दहा वेगळी पत्रं लिहावीत, प्रत्येकाने आपलं एकच कारण. शेवटी ‘मला समक्ष सुनावणीची संधी मिळावी’ ही ओळ हवीच. दोन प्रती न्यायच्या, एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यायचा. पोहोच नसेल तर हरकत दिलीच नाही असं समजा. एक प्रत जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयात सहायक संचालकांकडे. शेवटचा निर्णय नगरपरिषदेचा नसतो, प्रस्ताव मंजुरीला शासनाकडे जातो, तेव्हा तुमचा कागद फाईलमध्ये पोचलेला असला पाहिजे.

वाचनालयात कोण जातं, हा प्रश्न चांगला आहे. तो हरकतीत लिहू नका, पण उत्तर शोधा.

किराणा_भुसार

मी दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. माझं दुकान अशाच एका गावाच्या पेठेत आहे. गुरुवारी बाजार असतो. खेड्यातून गिऱ्हाईक गाडी घेऊन येतं, लावायला जागा नाही, पोलीस जॅमर लावतो, पुढच्या गुरुवारी ते गिऱ्हाईक तिसऱ्याच गावाला जातं. वाहनतळ ही चैन नाही. आणि ताई, २० वर्षं त्या जागेवर कुसळंच उगवली ना? तेव्हा कुणी अर्ज केला होता का? वाचनालय आठवलं ते वाहनतळ आल्यावर.

गोरेगाव_पूर्व

दादांचा शेवटचा प्रश्न बोचरा आहे, पण सगळ्याच गावांना लागू पडतो. कागदावरचं आरक्षण माणसाला दिसत नाही, ते काढून घेतलं की दिसतं. मुंबईत तेच झालं. २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला, तोवर आराखडा ही वास्तुविशारदांची आणि बिल्डरांची भानगड समजली जायची. मग लोक आपापल्या प्रभागाची शीट घेऊन गल्लीत उतरले आणि उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले सापडायला लागले. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा नव्याने करायला सांगितला, सुधारित मसुदा मे २०१६ मध्ये आला, मंजुरी २०१८ मध्ये. माझा सहभाग एवढाच की आमच्या तीन गल्ल्यांची शीट हातात धरून मी एक रविवार चालले. चपलेचा अंगठा तुटला आणि एक बालवाडी नकाशात नसल्याचं सापडलं.

तेव्हा काका म्हणतात तसं चाला. आणि बायकांना बरोबर घ्या. कुठल्या वेळी कुठला रस्ता टाळायचा हे त्यांना पाठ असतं, नकाशावर ते कुठेच नसतं.

पायरीवरची

काका, तुमचं उत्तर मी दोनदा वाचलं आणि मोठ्या मुलाला मोठ्याने वाचायला लावलं.

मालमत्ता पत्रक मिळालं. जागा नगरपरिषदेच्याच नावावर आहे, नोंद २००६ सालची. म्हणजे १२७ नाही. सासऱ्यांना दाखवलं, त्यांनी चष्मा लावून तीनदा बघितलं आणि म्हणाले, मग बांधलं का नाही रे यांनी? आता तेच जास्त चिडलेत.

तक्त्यात अशी दोनच आरक्षणं आहेत. दुसरं स्टँडच्या पलीकडे, तिथे पाण्याची टाकी उभी आहे. गाव २०११ च्या जनगणनेत ४८ हजारांच्या घरात. तुमच्या मापाने तीन पाहिजेत, कागदावर दोन, प्रत्यक्षात एकही नाही, आणि आता कागदावरचंही जाणार.

दादा, तुमचं बरोबर आहे. २० वर्षं आम्ही अर्ज केला नाही. पण नोटीस नीट वाचा. नुसतं वाहनतळ नाही, ‘वाहनतळ व व्यापारी संकुल’ आहे.

आता वाचनालयाचं उत्तर. मी चार दिवस वही घेऊन फिरले. गावात खासगी अभ्यासिका चार आहेत. लाकडी खोपट्यासारखे कप्पे, पंखा, वायफाय, महिना ७०० ते ९००. माझा मुलगा बारावीला आहे, ७०० भरतो, मला वाटायचं तो एकटाच. आमच्या सहा गल्ल्यांतून २६ मुलं जातात. मुली किती? तीन. आधी वाटलं मुलींना अभ्यास नको असेल. मग घरोघरी विचारलं. स्पर्धा परीक्षेचा नाहीतर नर्सिंगचा अभ्यास करणाऱ्या १९ मुली निघाल्या. अभ्यासिका सगळ्या महामार्गापलीकडे, रात्री अकरापर्यंत चालतात, पण मुलींना आठच्या आत घरी यावं लागतं, आणि दिवसभर घरात पाणी, स्वयंपाक, धाकटी भावंडं. एकीने सांगितलं, मी देवघराच्या खोलीत वाचते, सासूबाईंची पूजा चालली की बाहेर येते.

म्हणजे कोण जातं हा प्रश्नच मी चुकीचा विचारला होता. कोण जाऊ शकत नाही, हे विचारायला हवं होतं. हे लिहू का हरकतीत?

ट्रेसिंगवाला

हेच लिहा. नावं घालू नका, गल्ली आणि संख्या घाला. आणि महामार्ग ओलांडून जायला किती वेळ लागतो तो.

एक सावधगिरी. ‘खाली वाहनतळ, वर अभ्यासिका’ असा मधला मार्ग तुम्हाला सुचेल. तो हरकतीत लिहू नका. लेखी तडजोड पहिल्याच कागदात दिली की तीच तुमची मागणी ठरते आणि मग त्यातलाही निम्मा कापतात. फेरबदल रद्द करा, एवढंच मागा. मधलं सुनावणीत कुणी विचारलं तर बोला.

किराणा_भुसार

व्यापारी संकुल मी खरंच नीट वाचलं नव्हतं. आमच्याकडे असलंच एक संकुल झालं. गाळ्यांचा लिलाव अनामतीवर चढत गेला, घेणाऱ्यांचं कंबरडं मोडलं, निम्मी शटर अजून खाली आहेत आणि तळघरातल्या वाहनतळात पाणी साठतं. गाळे नकोत, गाड्यांना जागा द्या, अशी सूचना मी लिहिली असती. तुमच्या पेठेतल्या कुणाला विचारा. व्यापारी तुमच्या विरोधात असतीलच असं नाही.

पायरीवरची

अडीच महिन्यांनी लिहितेय, माफ करा. मधे लग्नसराई होती, मशीन बंद ठेवून चाललं नसतं.

एकूण ४१ हरकती गेल्या. त्यातल्या १७ आमच्या कॉलनीच्या, प्रत्येक वेगळी. अंगणवाडीच्या सेविकेने पटावरची संख्या दिली. भरतीच्या मुलांनी लिहिलं की गोळाफेकीला किती मीटर लागतात आणि तेवढी सरळ जागा गावात दुसरी कुठे नाही. सासऱ्यांनी लिहिलं, २००६ साली जागा ताब्यात घेतली, आजवर एक वीट नाही, खुलासा व्हावा. पेठेतल्या सहा दुकानदारांनी गाळ्यांना हरकत आणि वाहनतळाला पाठिंबा दिला. ते आमच्या बाजूचं आहे की विरोधातलं, मला अजून नीट कळलेलं नाही.

सुनावणी सभागृहात झाली. प्रत्येकाला चार-पाच मिनिटं. आधीच्या दोघांनी भाषण केलं, साहेब खाली मान घालून कागद उलटत होते. माझी पाळी आली तेव्हा घसा कोरडा पडला, म्हणून भाषण झालंच नाही. वही पुढे केली. त्यांनी विचारलं, दुसरी जागा किती लांब? मी म्हटलं, साहेब, पाण्याची टाकी आहे त्या जागेवर, पण लांबच म्हणाल तर माझी ११४० पावलं, महामार्ग धरून. म्हणाले, पावलं कशाला मोजली? म्हटलं, टेप एवढा लांब नाही माझा. तेव्हा पहिल्यांदा वर बघितलं. मग मुलींचं पान उलटून बघितलं आणि शेजारच्या बाईंना सांगितलं, याची झेरॉक्स घ्या.

मधल्या मार्गाचं विचारलंच शेवटी, खाली गाड्या चालतील का म्हणून. मी म्हटलं, आधी वरचं बांधून दाखवा. काका, हे तुम्ही शिकवलं नव्हतं, आपसूक आलं.

निर्णय नाही. प्रस्ताव अहवालासह शासनाकडे गेलाय म्हणतात. माझी पोहोच डब्यात, रेशनकार्डाच्या खाली ठेवली आहे. मोकळ्यावर अजून मोकळंच आहे. परवा तिथल्या फलकावर पोरांनी खडूने ‘वाच’ लिहिलं, पावसाने गेलं.

इथे तिघांनी व्यक्तिगत निरोपात माझ्या हरकतीचा नमुना मागितला आहे. टाकणार होते, टाईपही केला होता. पण काकांनी बजावलंय, नमुना टाकलास की सगळे तोच छापतील. म्हणून टाकत नाही. तुमच्या गावातल्या मोकळ्याला तुम्ही काय म्हणता, तिथे किती वाजता कोण येतं, ते दोन दिवस लिहून काढा आणि इथे टाका. मी वाचेन, काकाही वाचतील.